शंभर मीटरच्या आतला करोना

खोपोलीत राहणाऱ्या माणसाला जानेवारी २०२१ मध्ये मत द्यायचं काहीच कारण नव्हतं. खोपोली ही नगरपरिषद, तिची निवडणूक अजून लांब होती. मतदान होतं ते ग्रामपंचायतींचं. पण खोपोलीतला निम्मा माणूस मुळात खोपोलीत राहतच नाही. तो शिळफाट्याला झोपतो, कारखान्यात पाळी करतो आणि राहतो मात्र गावाला. माझं रेशनकार्ड खोपोलीचं, गॅस खोपोलीचा, डायबेटीस खोपोलीचा. मत तेवढं खालापूर तालुक्यातल्या गावचं. नाव इकडच्या यादीत आणावं, असा विषय मी पूर्वी काढून पाहिला होता. त्यावर चुलते शांतपणे म्हणाले, "काढ की. सातबाऱ्यावरचं पण काढून टाकू, एका खेपेत होईल." तेव्हापासून मी लोकशाही गावालाच ठेवली आहे.

हे मतदान आधीच शिळं झालेलं होतं. राज्यातल्या सुमारे दीड हजार ग्रामपंचायती ३१ मार्च २०२० ला मतदान करणार होत्या. करोना आला आणि सगळं पुढे ढकललं. मग वर्षभर ज्यांच्या ज्यांच्या मुदती संपल्या त्याही मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि अखेर १४,२३४ ग्रामपंचायतींना मिळून १५ जानेवारी ही तारीख पडली. म्हणजे जो प्रचार पंधरा दिवसांत उरकायचा, त्याला इच्छुकांना अख्खं वर्ष मिळालं. आमच्या गावात त्या वर्षी घरटी अर्सेनिक अल्बमच्या गोळ्यांचे तीन-तीन संच पोचले, कारण इच्छुक तीन होते. गोळ्या गोड असल्यानं पोरांनी त्या खेळता खेळता संपवल्या. जूनमध्ये निसर्ग वादळानं पत्रे उडवले, तेव्हा ताडपत्र्याही तीन आल्या. एका घराला तर पत्रे उडाले नाहीत म्हणून वाईट वाटलं.

हे तिघं म्हणजे माझा चुलतभाऊ, माझा आतेभाऊ आणि चुलतभावाचा साडू. तिघंही एकाच जागेवर उभे. १९९५ पासून पुढे जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असणं सक्तीचं आहे. आमचे तिघं त्याच्या पुष्कळ आधी जन्मले म्हणून वाचले. प्रभागात जागा तीन, त्यातली एक महिलांची. तिथे चुलतभावानं आपल्या बायकोला उभं केलं.

"वहिनीला विचारलंस का?" मी फोनवर विचारलं.

"फॉर्मवर सही केली की तिनं."

ग्रामपंचायतीत पक्षांची चिन्हं नसतात, आयोगाच्या यादीतली सुटी चिन्हं मिळतात. साथीच्या काळात ही चिन्हं जरा बघून वाटायला हवी होती, असं माझं नम्र मत आहे. चुलतभावाला शिट्टी मिळाली. त्यानं दुसऱ्याच दिवशी पोतंभर शिट्ट्या आणून वाटल्या. गावातली पोरं त्या पाळीपाळीनं वाजवू लागली. एक शिट्टी संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीच्या तोंडून फिरून मालकाकडे परत यायची. आशाताई हात जोडून सांगत होत्या की निदान धुऊन तरी वाजवा. आतेभावाला कपबशी मिळाली आणि त्यानं प्रचार म्हणून दारोदार चहाच सुरू केला. "शिट्टी वाजवायला मास्क काढावा लागतो," असा मुद्दा त्यानं सभेत मांडला. समोरून कुणीतरी विचारलं, "मग चहा काय नाकानं पितोस?" साडूला छताचा पंखा मिळाला. त्याचं चिन्ह वापरायला मास्क काढावा लागत नव्हता, याचं त्यानं फार भांडवल केलं. पण बंद खोलीत पंखा जंतू फिरवतो असं शिट्टीवाल्यांनी गावभर केलं आणि त्याचंही विज्ञान आडवं आलं.

प्रश्न होता चाकरमान्यांना आणायचा. मुंबईची लोकल सामान्य माणसाला अजून बंद होती. खोपोलीला रेल्वेस्टेशन आहे ही आमची पिढीजात ऐट; दहा महिने आम्ही तिच्याकडे पुलावरून नुसते बघत होतो. त्यामुळे उमेदवारांनी इको गाड्या लावल्या. संक्रांतीला दुपारी शिळफाट्यावर ये, गाडी उभी आहे, असा चुलतभावाचा फोन आला. मग तसाच आतेभावाचा आला. साडूनं फोन केला नाही, सरळ गाडीच दारात पाठवली. ती मी मोठ्या निग्रहानं रिकामी परत धाडली. बिचारा ड्रायव्हर जाताना म्हणाला, "बसला असतात तर काय बिघडलं असतं? मत कुठं मागतोय, बसायलाच सांगतोय."

बायकोनं मला युद्धावर पाठवावं तसं सजवलं. आधी काढा पाजला. मग एन-९५, त्यावर चष्मा, त्यावर पारदर्शक फेसशील्ड, दोन्ही हातांत रबरी मोजे, खिशात सॅनिटायझर आणि गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी. "कुणाला शिवू नका, कुठं खाऊ नका, कुणाशी बोलू नका," तिनं बजावलं. गावाला जाऊन ह्या तीन गोष्टी टाळायच्या तर मग जायचंच कशाला, हा प्रश्न मी मास्कच्या आत विचारला.

इकोत आम्ही अकराजण होतो. ड्रायव्हर फार नियमानं वागणारा. "महामार्ग येईपर्यंत मास्क खाली चालेल, पोलीस दिसला की मी खोकतो, तेव्हा लावा," असं त्यानं सुरुवातीलाच सांगितलं. गाडीत खोकण्याचा त्या वर्षी एवढाच काय तो सार्वजनिक उपयोग शिल्लक होता. माझ्या मांडीवर एक भाऊ, त्याच्या मांडीवर एक पिशवी आणि पिशवीत शिट्टीचं चित्र छापलेले मास्क. ते त्यानं सर्वांना वाटले. मी माझ्या एन-९५ वर तो चढवला. नातं आहे, काय करणार! गावात उतरल्यावर आत्याच्या दारात तिळगूळ घ्यायला गेलो, तर तिनं तोंडावरची शिट्टी पाहून काही न बोलता कपबशीचा मास्क माझ्या हातात ठेवला. पुढे मी आळी बघून मास्क बदलत होतो. रात्री कंटाळून दोन्ही एकावर एक घातले.

प्रचार तेव्हा संपलेला होता. पण संक्रांत होती, आणि तिळगूळ घ्या गोड बोला म्हणायला आचारसंहितेत बंदी नाही. तिघंही उमेदवार दिवसभर एवढं गोड बोलले की आशाताई माझी साखर तपासते म्हणाल्या. रात्री तिन्ही बाजूंच्या शेतांत पोपटी लागली. जानेवारीत आमच्या रायगडात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उपडं करायचं आणि वरून जाळ. यंदा मात्र मडक्याभोवती गंभीर चर्चा चालली होती. त्याच आठवड्यात परभणी जिल्ह्यात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचं पक्कं झालं होतं.

"कोंबडी नको रे बाबा," एकजण म्हणाला. "रिस्क कशाला?"

तो हे एका घोंगडीवर सहाजणांत दाटीनं बसून, शेजाऱ्याच्या ताटलीतली शेंग सोलता सोलता म्हणत होता. सर्वांना पटलं. कोंबडीपासून सुरक्षित अंतर ठेवायचं ठरलं.

मतदान सकाळी साडेसातला सुरू झालं, केंद्र प्राथमिक शाळेत. साथीत निवडणूक कशी घ्यायची याचे धडे जगानं एव्हाना गिरवले होते. दक्षिण कोरियानं एप्रिल २०२० मध्येच मतदारांच्या हातांत प्लास्टिकचे मोजे घालून संसद निवडून दिली होती. आपल्या केंद्रीय आयोगानं ऑगस्टमध्ये नियमावली काढून बिहारचं मतदान पार पाडलं होतं: एका केंद्रावर हजारापेक्षा जास्त मतदार नकोत, दारात ताप बघायचा, रांगेत सहा फुटांवर गोल आखायचे, खोली हवेशीर हवी. आमच्या शाळेला शेवटची अट पूर्ण करायला काहीच करावं लागलं नाही. निसर्ग वादळानं व्हरांड्याचे पत्रे नेले ते अजून परत आले नव्हते. केंद्राध्यक्ष वर आभाळाकडे बघून म्हणाले, "व्हेंटिलेशन उत्तम आहे."

मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करायचा नाही, म्हणून चुन्याची रेघ मारलेली असते. माझी खात्री आहे की करोनालाही ती रेघ कुणीतरी दाखवली होती. रेघेच्या अलीकडे तिन्ही मांडवांत गाव एकमेकांच्या गळ्यात पडून याद्या चाळत होतं, एकाच बोटाला थुंकी लावून पानं उलटत होतं, एका बिडीचे तीन झुरके तीन पक्षांत वाटले जात होते. पाऊल रेघेपलीकडे पडलं की त्याच माणसांचे चेहरे बदलत. मास्क नाकावर चढत, नमस्कार लांबून होत, सख्खे भाऊ सहा फुटांवरून एकमेकांकडे संशयानं बघत. मत देऊन रेघेबाहेर आले की पुन्हा मिठी.

रेघेवर एक पोलीस होता. त्यानं मला अडवलं.

"हे शिट्टीचं चित्र आत चालणार नाही."

"काढतो."

"काढू नका. मास्कशिवाय आत सोडता येत नाही."

आम्ही दोघंही विचारात पडलो. एक आदेश निवडणुकीचा, दुसरा आरोग्याचा, आणि दोन्ही त्याच्याच खिशात. शेवटी मी म्हटलं, खाली आणखी एक आहे. शिट्टी उतरवली, तर खालून कपबशी निघाली. पोलिसानं माझ्याकडे नीट बघितलं.

"अजून किती पक्ष आहेत आत?"

"याच्या खाली बायकोचा एन-९५. तो अपक्ष आहे."

हा सगळा वस्त्रहरणाचा प्रकार चुलतभावानं मांडवातून पाहिला. तो आला नाही, बोलला नाही, फक्त शिट्टी वाजवली. एकदाच, हळू.

मैदानात चुन्याचे गोल होते, आणि गोलांत शिस्तीत सहा फुटांवर चपला उभ्या होत्या. माणसं आंब्याखाली खांद्याला खांदा लावून सावलीत बसली होती. चपलांनी इतकं काटेकोर अंतर पाळलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नाही. त्यांच्यात एकही पॉझिटिव्ह निघाली नसणार. सगळं सुरळीत चाललं असताना एक कुत्रं माझ्या पुढच्या माणसाचा नंबर तोंडात धरून पळालं. तो मागे धावला. "नंबर गेला!" असा ओरडा झाला. आता मी पुढे सरकायचं की नाही यावर आंब्याखाली दोन तट पडले. मागच्याचं म्हणणं, माणूस गेला तरी दुसरी चप्पल जागेवर आहे, म्हणजे अर्धा नंबर आहे. हा वाद मिटेपर्यंत तो एका पायात चप्पल घालून विजयी मुद्रेनं परत आला.

दारात आशाताई ताप बघत होत्या. त्यांच्या हातातली ती बंदूक थंडीनं गारठली होती. माझ्या कपाळावर तिनं असा काही आकडा दाखवला की शास्त्राप्रमाणे मी आदल्या रात्रीच गेलेला असायला हवा होतो. "जा आत," ताई म्हणाल्या, "जास्त नाही ना, मग झालं." माझ्या मागच्या आजीनं मात्र कपाळ पुढे करायला साफ नकार दिला.

"लस उद्यापासून हाय म्हनं टीव्हीवर. मंग आजच कशी टोचतेस?"

"आजी, ही लस नाय. ताप बघतेय."

"मंग कपाळाला कशाला नेम धरतेस? हात बघ की नाडीचा!"

लस खरोखरच दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला देशभर सुरू व्हायची होती, तीही आधी दवाखान्यातल्या लोकांना. आजीला तिच्यासाठी अजून बरेच दिवस थांबायचं होतं. पण आजी ज्या तयारीत आली होती ती नकार द्यायचीच.

आत पहिल्या टेबलावरच्या गुरुजींनी माझं नाव मोठ्यानं वाचलं. "मास्क खाली करा." मी फेसशील्ड वर केलं, मास्क खाली केला. यादीतला फोटो मी लग्नाआधी काढलेला. गुरुजी एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. "हाच तो," शिट्टीचा प्रतिनिधी म्हणाला. "हा तो नव्हे," आतेभावाचा प्रतिनिधी म्हणाला. हा माझ्या सख्ख्या आत्याचा नातू, काल संध्याकाळी माझ्याकडून तिळगूळ घेऊन गेलेला! मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "म्हणजे वजन वाढलंय," तो म्हणाला आणि बसला.

दुसऱ्या टेबलावर शाई. डाव्या हाताची तर्जनी पुढे करायची. पण हाताला बायकोचा मोजा, आणि मोजात सकाळपासून सॅनिटायझर आणि घाम. तो निघेना. शाईच्या बाईंनी ओढला, मी ओढला, मागच्या आजीनं ओढला. शारीरिक अंतराचा सगळा कार्यक्रम त्या एका मोज्यापाशी संपला. "वरूनच लावा की शाई," मी सुचवलं. "आणि मग मोजा काढून परत आलात तर?" बाई म्हणाल्या. शेवटी तो टर्रकन फाटला आणि त्याची तर्जनी बाईंच्या हातात राहिली. त्या घाईघाईनं त्यावरच शाई लावणार होत्या.

ह्या शाईचं मला राहून राहून नवल वाटतं. ती म्हैसूरच्या एका सरकारी कारखान्यात तयार होते, १९६२ पासून देशभरच्या बोटांना लागते. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर घरात बसा म्हणून शिक्के मारले, तेव्हाही सहजासहजी न पुसली जाणारी हीच शाई वापरायला निवडणूक आयोगानं परवानगी दिली होती. आमच्या इमारतीतला एक मुलगा तसा शिक्का घेऊन आला, तर दूधवाल्यानं महिनाभर दूध जिन्यात ठेवलं. आता त्याच डाव्या हाताला तीच शाई लावून गाव फोटो काढत होतं आणि स्टेटसला टाकत होतं.

यंत्रापाशी गेलो तोवर चष्म्यावर मास्कची वाफ आणि शील्डवर माझी वाफ, असा दुहेरी पडदा तयार झाला होता. आमच्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच, त्यामुळे चित्रावरच भरवसा. मला एक पांढरा गोल दिसत होता. ती कपबशी होती की शिट्टी, की पंखा फिरत होता, ते देव जाणे. शील्ड पुठ्ठ्यावर आपटून मोठा आवाज झाला तेव्हा केंद्राध्यक्ष दचकले. मी बटणं दाबली आणि निघालो.

"काका, आवाज आला नाही! तीन जागा आहेत, तीन बटणं दाबायची!"

परत आत गेलो.

"अजून एक राहिलंय!" हे इतक्या मोठ्यानं की आंब्याखालून उत्तर आलं, "त्याला सांगा, वहिनीचं राहिलं असंल!"

शेवटी यंत्र लांबलचक ओरडलं. गुप्त मतदानाचा अधिकार मी प्राणपणानं जपला आहे. कुणाला मत दिलं ते आजतागायत मलाही नक्की सांगता येणार नाही.

दिवसाचा खरा प्रसंग संध्याकाळी घडला. वरच्या आळीतले एक काका घरातच विलग होते, बाधित. सप्टेंबरात त्यांच्याच शेजारच्या घरात रुग्ण निघाला, तेव्हा ह्याच तिघा उमेदवारांनी गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले होते आणि त्या घराची भांडीसुद्धा नळावर येऊ दिली नव्हती. अशा मतदारांना अगदी शेवटच्या वेळेत मत द्यायची मुभा होती. पाचच्या सुमारास काकांच्या दारात तीन इको येऊन उभ्या राहिल्या. तिघांनीही कुठूनसे पांढरे पीपीई किट मिळवले होते. त्यातून आवाज येत होते, चेहरे दिसत नव्हते.

"काका, चला, गाडी खास तुमच्यासाठी. दुसरं कुणी नाय बसनार."

"अरे, मी पॉझिटिव्ह आहे," काका खिडकीतून म्हणाले.

"असू दे हो. मत तर आपलं आहे ना!"

काकांनी तिघांकडे बघितलं, सगळे सारखेच पांढरे. "तुमच्यातला बांबू कुणी बांधला होता?" त्यांनी विचारलं. किटमधून कुणीच हललं नाही. काका चालत गेले, भर रस्त्याच्या मधोमध, आणि पूर्ण गावानं दोन्ही बाजूंनी वाट करून दिली.

राज्यात त्या दिवशी ७९ टक्के मतदान झालं. निकाल १८ तारखेला लागला. चुलतभाऊ निवडून आला, वहिनीही निवडून आली, गुलाल इतका उडाला की मास्क लावलाय की नाही ते कुणाचं कळेना. आतेभाऊ पडला आणि आमचं बोलणं काही काळ थांबलं. साडूची अनामत गेली. पंख्याचे उरलेले मास्क मात्र पुढची लाट येईपर्यंत पुरले.

पण सरपंच कोण? ह्या वेळी सरपंचपदाची सोडत सरकारनं मतदानानंतरच ठेवली होती. चुलतभावानं नवीन पांढरा शर्ट शिवायला टाकला होता आणि गाडीवर नाव घालायला माणूसही सांगून ठेवला होता. सोडतीत आमची ग्रामपंचायत सर्वसाधारण महिलेसाठी निघाली. पॅनेलमधल्या बायकांत बारावी झालेली एकच, जिनं नुसती सही केली होती ती.

पहिल्या मासिक सभेला मी योगायोगानं गावात होतो. चुलतभाऊ नव्या शर्टात, फायली काखेत घेऊन कार्यालयाच्या दारात पोचला. आत टेबलामागे वहिनी, नाकापर्यंत मास्क लावून, खुर्च्या सहा-सहा फुटांवर मांडून बसल्या होत्या. गावात वर्षभरात नियमाप्रमाणे मांडलेलं हे पहिलंच काही मी पाहत होतो.

"मी पण सदस्य आहे," चुलतभाऊ आत शिरत म्हणाला आणि सवयीनं त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली.

"हो, तुमची ती भिंतीकडची," वहिनी म्हणाल्या. "आणि मास्क नाकावर घ्या. फायली ग्रामसेवकांकडे द्या, आणि शिट्टी बाहेर ठेवून या."